गेंदा जिज्जीचा तांब्या

गेंदा जिज्जी आता पुन्हा शिंगाडे काढायला तळ्यावर जाते. दोन उपड्या मडक्यांवर बांबू बांधलेला असतो. त्यावर बसून ती पाण्यात फिरते, वेल उलटवते, फळं तोडते. मी काठावर बसते. आम्ही फारसं बोलत नाही.

नर्मदाकाठच्या आमच्या सेमरीघाटात तिला सगळे जिज्जी म्हणतात, थोरली बहीण. म्हातारेसुद्धा. नगरपंचायतीची अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधीपासून. ते तिच्या तांब्यामुळे.

आमच्या केवट नावाड्यांच्या मोहल्ल्याला नळ एकच. तिथं रोज भांडणं. कुणी रांग मोडली, कुणी कुणाची बादली उलटी केली. जिज्जी घरातून पोचा आलेला पितळी तांब्या आणायची, नर्मदामैयाच्या पाण्यानं भरलेला. भांडणाऱ्या बाईच्या ओंजळीत थोडं पाणी घालायची आणि म्हणायची, "मैयाला हातात घेऊन सांग." बाई खरं सांगायची. रांग पुढं सरकायची. मग भावांच्या वाटण्या, होड्यांच्या पाळ्या, सगळंच त्या तांब्यावर मिटायला लागलं. चौकीतला हवालदार म्हणायचा, "जिज्जी, आम्हाला काही कामच ठेवलं नाहीस."

अध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा लोकांनीच तिला उभं केलं आणि निवडून आणलं. तिला एकच गोष्ट करायची होती. टाकीपासून मोहल्ल्यातल्या घराघरापर्यंत पाण्याची लाईन. पाइप आले, रस्त्याकडेला रचले गेले. डंपरखाली ते टिकले नसते, म्हणून तिनं घाटाच्या रस्त्यावर वाळूचे डंपर बंद केले. डंपर उपाध्यक्ष निर्भय चौरसियांचे होते.

नगरसेवकांनी कलेक्टरकडे सह्या दिल्या. अध्यक्ष ठेवायची की काढायची, हे आता लोकांनी मत देऊन ठरवायचं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. ठेवायची तर भरलेली खुर्ची, काढायची तर रिकामी.

जिज्जीनं नमुना पाहिला आणि मला म्हणाली, "बिन्नू, या खुर्चीवर तर पुरुष बसलाय."

"तो तूच आहेस."

"मिशी तेवढी काढायला सांग."

तेव्हा आम्ही हसू शकत होतो. मग चौरसियांची माणसं घरोघर फिरायला लागली. त्यांच्याही हातात एक तांब्या होता. ओंजळीत पाणी घालून ती लोकांना रिकाम्या खुर्चीची शपथ घ्यायला लावायची.

आमच्याकडे आली तेव्हा मी घरी नव्हते. परतले तर अम्मा ओट्यावर बसली होती. उजवा हात पदराला पुसत होती. हात कोरडा होता.

"तुझा भाऊ त्यांचा डंपर चालवतो," ती म्हणाली.

"अम्मा, जिज्जीनं तुझं बाळंतपण केलंय."

"तुझ्याच वेळचं. मी विसरले नाही."

"मग?"

"मग काय. मैया हातात होती. चौरसियांनीही घेतली, आमच्यासमोर. म्हणाले, लाईन मी टाकतो."

"पडद्याआड शिक्का मारताना कोण बघणार आहे तुला?"

अम्मानं मान वर केली. "कोण बघणार, म्हणे. हेच शिकलीस एम.ए.ला?"

मी जिज्जीकडे गेले. ती तांदूळ निवडत होती.

"उद्याच्या सभेत सांग," मी म्हटलं. "धाकानं घेतलेली शपथ शपथ नसते. दोन वाक्यं. मी लिहून देते."

"तुझ्या दोन वाक्यांची चार पानं होतात, पंडिताईन."

"जिज्जी, सगळं जाईल."

ती सुपातले खडे वेचत राहिली. "मी सांगितलं तर लोक सुटतील. मतं देतील. खुर्ची राहील, लाईनही येईल."

"मग सांग ना."

"आणि परवा मी कुणाच्या ओंजळीत पाणी घातलं तर? तो म्हणेल, जिज्जी, ही शपथ पण अडचणीची आहे, सोडव."

"लाईन आली की नळावर भांडणंच राहणार नाहीत."

"भांडणं काय पाण्यासाठीच होतात?" सूप तिनं बाजूला ठेवलं. "मैयाला खोटं पाडून मला त्या खुर्चीत बसता येणार नाही, बिन्नू."

सभेत ती पाइपांबद्दल बोलली. तांब्याचं नाव काढलं नाही. लोक जमिनीकडे बघत ऐकत होते.

मतदानाला जाणाऱ्या बायका तिच्या दारावरूनच गेल्या. पदर पुढं ओढलेले. कुणी वर पाहिलं नाही. एकजण थांबली, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि निघून गेली. अम्मा होती ती.

रिकामी खुर्ची जिंकली. पुढची निवडणूक होईपर्यंत कारभार चौरसियांकडे गेला. त्या संध्याकाळी जिज्जीचं अंगण बायकांनी भरलं. "आमच्या हातात मैया होती," त्या रडत सांगत होत्या. "तूच शिकवलंस."

"बरोबर केलंत," जिज्जी म्हणाली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

होळीनंतर रस्त्याकडेचे पाइप डंपरमध्ये भरले जाऊ लागले. चौरसियांनी गावाबाहेर नवे प्लॉट पाडले होते, तिकडं. बायका नगरपंचायतीत गेल्या. मीही गेले. अम्मा पुढं होती.

"भाऊ, तुम्ही मैया हातात घेतली होती."

चौरसियांनी पानाची पिचकारी खिडकीबाहेर टाकली. त्यांना हसू आवरत नव्हतं. "मैया कुठली, काकी? पोरांनी आमच्या बोअरवर भरलेला तांब्या तो. नदीपर्यंत जातंय कोण?"

 अम्मा आपल्या तळहाताकडे बघत होती. वाटेत ती एकदाच म्हणाली, "गार लागलं होतं. मला वाटलं, नदीचंच."

मी जिज्जीला सांगितलं. तिनं विचारलं, "सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

ती आत गेली. 

पुढच्याच आठवड्यात नळावर दोघी जुंपल्या. कुणीतरी जिज्जीला बोलावलं. ती तांब्या घेऊन आली, म्हणाली, "हात पुढं कर."

पोरगी नवी सून होती. तिनं हात कमरेवरून काढला नाही. "कुठल्या बोअरचं आहे, जिज्जी?"

रांगेतली एक हसली. मग दुसरी. मग सगळीच रांग. जिज्जी तांब्या तसाच धरून परत फिरली.

आता ती बसस्टँडवर शिंगाडे विकते. ते सुकू नयेत म्हणून त्याच तांब्यातून पाणी शिंपडते. परवा मी शेजारी बसले होते. ओळखीतल्या एका बाईनं टोपलीत हात घातला.

"आजचेच आहेत का गं? मैयाची शपथ?"

ती गमतीतच म्हणाली असेल. जिज्जीनं एक शिंगाडा सोलला आणि तिच्यापुढं धरला.