तिसरी खुर्ची

सलूनमध्ये खुर्च्या तीन. पहिलीवर मालकाचा हात चालायचा, दुसरीवर त्याच्या मेहुण्याचा, आणि तिसरीत काका स्वतःच बसून असायचे, कारण तिला गिऱ्हाईक नसायचं.

तसा काकांचा हात हलका. अठ्ठावीस वर्षांत कुणाच्या कानाला ओरखडा नाही. पण चार वर्षांपूर्वी बोटांवर कोड उठलं आणि मनगटापर्यंत चढलं. ते दुसऱ्याला लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाईट शब्द कुणी काढत नसे. काका फडकं झटकून उभे राहिले, की समोरचा पेपरात डोकं घालून म्हणायचा, "असू दे, मी थांबतो." निवृत्त मास्तर तर एकदा तासभर थांबले. बातम्या संपल्या तेव्हा त्यांनी हरवले-सापडलेही वाचून काढलं.

शेवटी मालकानं आढेवेढे घेत सांगितलं, की तिसरी खुर्ची काढून तिथे केस धुवायचं बेसिन बसवायचं म्हणतोय. "तुम्हाला कोण नको म्हणतंय, काका? ज्याची त्याची आवड असते."

त्याच आठवड्यात काकांची दाढ ठणकली. दातांच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर कामात होते, त्यांची डॉक्टर सून मोकळी होती. ती दारात येऊन म्हणाली, "या ना, मी बघते."

काकांच्या तोंडून निघून गेलं, "असू द्या, मी थांबतो."

ती आत जाऊन पुसलेलाच ट्रे परत पुसू लागली. काका बघत राहिले. स्वच्छ आरसा पुसण्यात त्यांची चार वर्षं गेली होती. दहा मिनिटांनी ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"थांबणार होतात ना?"

"बसून बसून पाठ धरली," काका म्हणाले.

दाढ कधी निघाली ते त्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर माप घ्यायला आला. बाकावर मास्तर होतेच. काकांनी फडकं झटकलं.

"मी थांबतो," मास्तर म्हणाले.

"का हो?" सुजल्या गालानं काकांनी विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. आवाजात भांडण नव्हतं, तेवढा दमच नव्हता.

मास्तरांनी पेपराचं पान उलटलं. मग तेच पान परत उलटलं. "तसं काही नाही," ते पुटपुटले. मग पेपराची घडी करून ते उठले. "नुसते मागचे कर. दाढी राहू दे."

काकांनी त्यांच्या गळ्याशी फडकं बांधलं.

प्लंबरनं एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा मालकाकडे. मग टेप मांडीवर ठेवून तो बाकावर टेकला.

"चालू द्या तुमचं," तो म्हणाला. "मी थांबतो."