सूड घेणाऱ्या बायकांची पुस्तकं

लग्न होऊन मी कोराडीला आले तेव्हा मला इंग्रजी जेमतेम वाचता यायचं. माझं माहेर कन्हानजवळच्या खेड्यातलं. वडिलांची शेती, शाळा मराठी. आमचे हे वीज केंद्रात इंजिनिअर. कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे छोटं अंगण, आणि शेजारच्या अंगणाच्या मधे कमरेइतकी भिंत. वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा पातळ थर बसायचा. तो झटकल्याशिवाय कपडा घरात आणायचा नाही, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले.

दुसरी गोष्ट शिकायला जरा वेळ लागला. हे घरात फारसे बोलत नसत. कामावरून आले की चहा, पेपर, मग "हं" आणि "नाही". पण त्या भिंतीपाशी उभे राहिले की त्यांना कंठ फुटायचा. भिंतीपलीकडे शेजारची वहिनी असायची. तिचा नवरा कोळशाच्या विभागात पाळीवर, सरळ आणि अबोल माणूस. वहिनी नागपुरात मिशनच्या शाळेत शिकलेली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, मूलबाळ नव्हतं. तिला आणि ह्यांना एकच नाद होता. परदेशी भुतांच्या कॉमिक्सचा.

सीताबर्डीच्या फुटपाथवर ती जुनी पुस्तकं मिळायची. कोणाची तरी वाचून झालेली, कडा खाल्लेली, वरचं पान बहुतेक फाटलेलं. हे नागपूरला गेले की दोन-चार घेऊन यायचे. आधी स्वतः वाचायचे, मग भिंतीवरून तिच्या हाती द्यायचे. तिची ती ह्यांना द्यायची. मग दोघं गोष्टीवर बोलायचे आणि हसायचे. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला दोरीवरचे कपडे झटकत असायचे. हसण्यासारखं काय आहे, ते मला कोणी सांगत नसे.

मत्सर हा शब्द मला माहीत होता, पण तो पोटात नेमका कुठे बसतो ते तिथे कळलं. वहिनी वाईट चालीची नव्हती, हेही तसले नव्हते, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मला डाचत होतं ते वेगळंच. माझ्या नवऱ्याचं जे बोलणं माझ्या वाट्याला यायला हवं होतं, ते सगळं त्या भिंतीवर खर्च होत होतं.

मग हे कामावर गेले की मी ती पुस्तकं काढून बसायला लागले. आधी नुसती चित्रं बघितली. बघता बघता लक्षात आलं की गोष्ट दरवेळी तीच. कोणीतरी कोणाला मारतो. पैशासाठी, दुसऱ्या बाईसाठी, नाहीतर उगाच. पोलीस येतात, काही सापडत नाही, मारणारा सुटतो. आणि मग मेलेलं माणूस परत येतं. एका गोष्टीत नवरा बायकोला बर्फाच्या तळ्यात ढकलून देतो. उन्हाळ्यात बर्फ वितळतं आणि ती अंगावर शेवाळ घेऊन, एक एक पायरी चढत त्याच्या घरात येते. शेवटच्या चौकोनात नेहमी मारणाऱ्याचं तोंड, वासलेलं. त्यानंतर कित्येक दिवस मी कोराडीच्या तलावाकडे पाहत नव्हते.

मी ह्यांचा शब्दकोश घेतला आणि एकेक शब्द लावत गेले. थडगं, प्रेत, सूड. लोकांचं इंग्रजी सफरचंदापासून सुरू होतं, माझं मसणातून सुरू झालं. एकदा जेवताना मी मोठ्या धिटाईने ह्यांना म्हटलं, त्या गोष्टीत ते 'कॉर्पसे' उठून येतं तेव्हा मला फार भीती वाटली. हे हसले. उच्चार तसा नसतो, 'कॉर्प्स' म्हणायचं, म्हणाले. तेवढं मी सोसलं. पण दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी माझी ती चूक त्यांनी वहिनीला सांगितली. ती हसली नाही, हे मी पाहिलं. तरी दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली. हातात वाटीभर सांडगे होते. बसली आणि आडवळण न घेता विचारलं, "तू वाचून राहिली ना वं ते? काहून वाचते?"

मी खरं सांगितलं नाही. वेळ जात नाही म्हणून, असं काहीतरी म्हटलं.

"मी मजेसाठी नाही वाचत," ती म्हणाली. "त्यात मेलेली बाई परत येते. म्हणून वाचते."

मग तिने सांगितलं. तिला एक बहीण होती, दीड वर्षाने लहान. दोघी इतक्या सारख्या की शेजारपाजारचे नावं बदलून हाका मारायचे. बहिणीचं सासर नागपुरातच. लग्नानंतर दोन वर्षांनी ती भाजली. स्टोव्ह भडकला, असं सासरचे म्हणाले. दवाखान्यात जबाब घेतला तेव्हा नवरा तिच्या उशाशी होता, आणि तिनेही तेच सांगितलं. पुढे कोर्टात त्या जबाबावर सगळे सुटले. वहिनीला मात्र ती शेवटी वेगळं बोलली होती. ते कोणी ऐकून घेतलं नाही. आता त्या माणसाने दुसरं लग्न केलं होतं आणि प्रताप नगरला नवं घर बांधलं होतं.

हे सगळं ऐकूनही माझ्या तोंडून निघालं ते हेच, "ह्यांना माहीत आहे का?"

"हो," ती म्हणाली. "त्यायले मागंच सांगतलं होतं."

एका मेलेल्या मुलीसाठी मला रडू यायला हवं होतं. आलंही, पण नंतर. आधी मनात आलं की हे दोघं एवढं मोठं दुःख वाटून घेत होते आणि मी पलीकडे राख झटकत होते.

ती आली होती ते वेगळ्याच कामासाठी. तिला एकदा प्रताप नगरला जायचं होतं आणि सोबत हवी होती. तिच्या नवऱ्याने झालं गेलं विसर म्हणून बजावलं होतं. मी विचारलं, ह्यांना का नाही नेत? तर म्हणाली, "तुझा नवरा आला तर भांडण होईन. मले भांडण नाही करायचं. मले त्याच्यासमोर फक्त उभं राहायचं आहे." तिने मला निवडलं होतं. मी लगेच हो म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. ती बाहेर आली तेव्हा मी पाहतच राहिले. एरवी ती फिक्या रंगाच्या साड्या नेसायची. त्या दिवशी पोपटी साडी, मधोमध भांग, ठसठशीत कुंकू. साडी बहिणीची होती. भांगही ती बहिणीसारखा पाडून आली होती. बसमध्ये लोक तिच्याकडे वळून बघत होते, आणि मला तिच्या रूपाचाही हेवा वाटत होता. असल्या कामाला निघालेल्या बाईचा हेवा वाटावा, मन असं असतं.

सीताबर्डीहून सायकलरिक्षा केली. प्रताप नगरला तेव्हा मोकळे प्लॉट पुष्कळ, अर्धी बांधलेली घरं, मधे बोरी-बाभळी. त्याचं घर नवं कोरं होतं. तो फाटकाशी स्कूटर धूत होता, हातात पाण्याचा पाईप. वहिनी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी तिच्यापासून थोडी लांब, जणू दुसऱ्याच कोणाची वाट पाहत असल्यासारखी.

त्याने मान वर केली. स्वच्छ सकाळची वेळ, रस्त्यावर ऊन. तरीही त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. त्याने एक नाव घेतलं, तिच्या बहिणीचं. आवाज आला नाही, फक्त ओठ हलले. पाईपचं पाणी त्याच्या पायांवर पडत होतं आणि ते त्याला कळत नव्हतं. वहिनीची पापणीही लवली नाही.

मग आतून त्याची दुसरी बायको आली. कोवळी पोर, हाताला कणीक, पोट नुकतं दिसायला लागलेलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं.

तिला पाहिल्यावर वहिनीचा चेहरा बदलला. ती रस्ता ओलांडून फाटकाशी गेली.

"मी पहिलीची बहीण आहे," ती शांतपणे म्हणाली. "ती स्टोव्हनं नाही मेली. तुले माहीत असावं म्हणून सांगते. आपल्या आईले सांगून ठेव."

आम्ही मागे फिरलो आणि कोपऱ्यापर्यंत वळून बघितलं नाही.

सीताबर्डीला आम्ही तर्री-पोहे घेतले. वहिनीने पोटभर खाल्ले, कपाळाचा घाम पदराने पुसला. मग म्हणाली, "वाटलं होतं, बरं वाटन. नाही वाटून राहिलं. पुस्तकात त्याचं तोंड दाखवतात आन् गोष्ट संपते. इथं तो आता आंघोळ करून जेवाले बसला असन." मी तिचा हात धरला.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, कुठे गेल्या होत्या दोघी? ब्लाऊजपीस आणायला, मी म्हटलं. थोड्या वेळाने भिंतीपाशी त्यांनी तेच तिला विचारलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. ती म्हणाली, ब्लाऊजपीस पाहायले, पण रंग नाही जमला. आमचं आधी काही ठरलेलं नव्हतं. जेवताना ह्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी भाजी वाढली.

तेव्हापासून माझा मत्सर गेला असं मात्र नाही. त्याने कूस बदलली. आता ती ह्यांच्याशी बोलत उभी राहिली की मला ह्यांचाच राग यायचा. काहीतरी निमित्त काढून मी तिला आत बोलवायचे. दुपारी आम्ही दोघी ती पुस्तकं शेजारी बसून वाचायचो. अडलेला शब्द ती सांगायची, आणि पान उलटायचं ते मी.

त्या उन्हाळ्यात एका नातलगाकडून तिला कळलं की ती पोर बाळंतपणाला माहेरी गेली ती परत आलीच नाही. मुलगी झाली होती. नवरा न्यायला दोनदा गेला, पण तिच्या वडिलांनी दारातूनच परत पाठवला. आमच्या जाण्याने हे झालं की आणखी कशाने, कोण सांगणार. वहिनीने हे मला सांगितलं आणि बराच वेळ पोळपाटावर बोट फिरवत बसली. त्या माणसाला पुढे काही झाल्याचं ऐकलं नाही. नोकरी, घर, स्कूटर, सगळं होतं तसंच राहिलं.

दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याची बदली चंद्रपूरकडे झाली. सामानाचा ट्रक भरताना हे पलंग उचलायला गेले. मी प्रवासासाठी पुऱ्या तळत होते. ती आत आली, माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि तशीच गेली.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर आम्ही दोघं तिच्याबद्दल एक शब्द बोललो नाही. ती दुसऱ्यापेक्षा जास्त आपली होती, असं दोघांनाही वाटत असावं.