बर्फाची ओटी
काल ह्यांचा स्वेटर भिजत घातला आणि ओल्या लोकरीच्या वासासरशी मला हिमाचलातला तो बर्फाचा उतार आठवला. बर्फ पाहायची ह्यांची जन्मभराची हौस, पण तेव्हा हे माणसं विसरायला लागले होते, म्हणून लेक म्हणाला, "आई, सारं पुसून जाच्या आधी बाबाले नेऊन आनू." खेड्याबाहेरचा एवढासा उतार, वर ओढून नेणारा एक दोर, पायाला लांब पट्ट्या बांधून घसरणारी पोरंसोरं, बाजूला चहाची टपरी. मला वाटलं, बर्फ दिसला की हे हसतील. हे मात्र कावरेबावरे झाले. मूठभर बर्फ उचलून चिमटीत धागा ओढून पाहायला लागले, कापसाचा पाहतात तसा. "एवढा फुटला अन् कोनीच वेचून नाही राह्यलं? पोट्टे तुडवून राह्यले सारा." लेक म्हणाला, "बाबा, बर्फ हाये तो." ऐकतील तर ना. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी काहून उभ्या? लागा ना वेचाले." जन्मभर मला 'अवं' म्हणून हाक मारणारा माणूस हा. मी काय करणार, वेचणाऱ्या बाया बांधतात तशी पदराची ओटी बांधली आणि बर्फ वेचत राहिले. लुगडं पोटाशी गार पडलं. थोड्या वेळानं ह्यांनी ओटीत हात घालून पाहिला. "बाई, तुमच्या ओटीत तं काहीच नाही." आता शेतात खरा कापूस फुटला आहे. ह्यांना बांधावर नेऊन बसवते, तर तिकडे पाहतही नाहीत, आणि मला 'बाई' म्हणूनसुद्धा हाक मारत नाहीत.