गव्हाणीतला कापूस

नाताळ चार दिवसांवर आलाय, तरी दुपारी पत्रा असा तापतो की घरात बसवत नाही. नात येशूबाळाच्या गव्हाणीवर कापूस पसरतेय. म्हणते, "आजी, हा बर्फ बरं का!" बर्फ मी गोळ्याच्या गाडीवरच पाहिला. कापूस मात्र जन्मभर वेचला. तेव्हाही नाताळच्या तोंडावर असंच ऊन होतं. माझा थोरला तान्हा, अंगात ताप. वेचलेल्या कापसाच्या ढिगावर जरा निजवला, तर मालक ओरडला, "उचल गं त्याला, माल घाण होईल!" मग ढेकळांवरच ठेवला. नाताळ काही पाहिला नाही त्यानं.

"आजी, बाळाच्या खाली किती घालू?"

म्हटलं, "घाल बाई भरपूर. याला कोण उठवायला येतंय?"