घरी कोण असतं?

आमच्या कोर्टात त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर अर्थातच साहेब. ते विमा कंपनीचे वकील होते, आणि अपघातात सापडलेल्या माणसाचं दुखणं मोजून मोजून कमी करणं हा त्यांचा धंदा होता. मी बरोबर उलट बाजूची. हातपाय मोडलेली माणसं माझ्याकडे येत, मी त्यांचं दुखणं न्यायाधीशांपुढे मांडी आणि साहेब ते खोडून काढीत. आमची उभी हयात एकमेकांशी भांडण्यात गेली. माझा नवरा म्हणायचा, तू माझ्यापेक्षा त्या माणसाशी जास्त बोलतेस. मी म्हणायची, बोलते कुठे, हरकत घेते.

साहेबांची काम करायची एक पद्धत होती. कोर्ट सुरू व्हायच्या आधीच ते व्हरांड्यातल्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसत. वर्तमानपत्र आपलं नावाला. माझे अशील जिना कसा चढतात, पिशवी कुठल्या हातात धरतात, ओळखीचं कोणी भेटलं तर टाळी द्यायला कुठला हात पुढे करतात, हे ते डोळ्यांत तेल घालून बघत. मानेच्या दुखण्याचा दावा असला की उलटतपासणीत साक्षीदाराच्या मागे जाऊन उभे राहत आणि अगदी हळू आवाजात प्रश्न विचारत. ज्याला खरंच दुखत असे तो कमरेपासून सगळा वळे. ज्याला दुखत नसे त्याची नुसती मान गर्रकन फिरे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी ताडकन उठून म्हटलं होतं, साहेबांनी समोर येऊन विचारावं, पाठीमागून कसले वार करतात. न्यायाधीशांनी मलाच खाली बसवलं.

पण खोटं कशाला बोलू, दुखणं खरं निघालं की ते पुढे एक अक्षर विचारत नसत. गाऊन सावरून खाली बसत आणि कंपनीला कळवून टाकत की ह्याला काय ते देऊन मोकळे व्हा. कंपनीच्या साहेबलोकांना हे फारसं रुचत नसे, पण असा दुसरा वकील त्यांना मिळतही नव्हता. त्यांच्याशी भांडताना मला कधी घाण वाटली नाही. आमच्या धंद्यात एवढंही पुष्कळ झालं.

त्यांचा सगळ्यात जहरी प्रश्न मात्र अगदी साधा असे. माणूस अंथरुणाला खिळला की मी भरपाईत मदतनीसाचा खर्च मागे. अंघोळ घालायला, उठवायला-बसवायला पगारी माणूस लागतो, तो कंपनीने द्यावा. साहेब उलटतपासणीत आवाज मऊ करून विचारत, "घरी कोण असतं?" झालं. माझे अशील खुलत. बायको असते, सून असते, धाकटी बहीण तर रोज डोकावते. किती करतात सगळी माझं, असं सांगताना एकेकाचे डोळे भरून येत. साहेब मान डोलावत, आभार मानत आणि खाली बसत. घरची माणसं इतकं करतात तर पगारी माणूस कशाला, असं मग निकालात यायचं. मी अशिलांना घसा फोडून बजावायची की तिथे माणसं मोजू नका. पिंजऱ्यात चढले की सगळे विसरायचे.

दुपारच्या सुट्टीत साहेब कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांच्यापुढे कोणी बसत नसे. आपण पाव मोडतानासुद्धा हा माणूस बोटं किती वळतात ते बघतो, असं सगळ्यांना वाटे. माझ्यापुढे कोणी बसत नसे, कारण माझी जीभ. शेवटी मीच एक दिवस बशी घेऊन त्यांच्या टेबलावर गेले आणि मग तो नेमच पडला. खटल्यांबद्दल बोलायचं नाही एवढा एक अलिखित करार होता. मग बोलायला फारसं काही उरत नसे. पण गप्प बसायलाही सोबत लागते, हे मला त्या टेबलावर कळलं.

त्यांची बायको लवकर गेली होती. एक मुलगी होती, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. तिचं काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कपातल्या चहाकडे बघत, दुसऱ्या कुणाचा खटला सांगावा तसं. एका संध्याकाळी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. नवरा हात उचलतो म्हणाली. साहेबांनी तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, कधीपासून. मग विचारलं, कुठल्या हाताने. कोणी बघितलं का. मग म्हणाले, पहिल्यांदा झालं त्याच दिवशी डॉक्टरकडे का गेली नाहीस? पोरीने पाण्याचा पेला खाली ठेवला, बॅग उचलली आणि चालू पडली. नवऱ्याकडे गेली नाही, बापाकडेही परत आली नाही. कुठल्याशा मैत्रिणीकडे राहिली, पुढे नोकरी धरली, आपल्या पायांवर उभी राहिली. ह्यांचा फोन उचलत नाही, एवढंच.

"तुम्हाला तिचं खरं वाटत नव्हतं का?" मी विचारलं.

"पहिल्या वाक्यालाच खरं वाटलं होतं," ते म्हणाले. "पण दुसरं काही बोलताच येईना हो. तोंडातून जे निघालं ते निघालं."

कोर्टात खरं दुखणं दिसलं की हा माणूस खाली बसायचा. घरी त्याला बसता आलं नाही. मी आयुष्यात पुष्कळांना फैलावर घेतलं आहे, पण त्या दिवशी मी नुसता दुसरा चहा मागवला.

त्यांनी काम कमी करत आणलं होतं तेव्हाची गोष्ट. कोर्टासमोरचा रस्ता ओलांडताना एका गाडीने त्यांना उडवलं. खुबा गेला आणि उजव्या हाताची बोटं कामातून गेली. मी इस्पितळात गेले तेव्हा त्यांच्या खाटेशेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्यांचीच पँट घडी करून ठेवलेली होती. नर्सने मला विचारलं, तुम्ही ह्यांच्या कोण? मी म्हटलं, विरुद्ध पक्षाची वकील. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी ह्यांना संपवायलाच आले आहे.

आता गंमत बघा. ज्या गाडीने उडवलं तिचा विमा साहेबांच्याच कंपनीचा. ज्यांची त्यांनी जन्मभर पाठराखण केली त्यांच्यावरच दावा लावायची वेळ आली, आणि दावा चालवणार कोण, तर मी. कंपनीतर्फे उभा राहिला साहेबांचाच जुना ज्युनियर. आता त्याचेही केस पिकायला लागले होते. मला तर आधी हसूच आलं. साहेबही हसले, पण हसताना खुबा दुखला म्हणून थांबले.

घरी आल्यावर ते हसणं पार विरलं. पाठीला उशी लावून खुर्चीत बसवलं तर बसत, पण उठता येत नसे. चमचा धरता येत नसे. सदऱ्याची बटणं लावता येत नसत. सकाळी एक मदतनीस येई आणि सगळं आवरून जाई. दुपारपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत मात्र घरात ते आणि भिंती. मी कधी संध्याकाळी गेले तर खिडकी उघडीच असे, ऊन येऊन गेलेलं असे आणि साहेब सकाळी बसवले होते तिथेच. दिवसभर थांबणारं माणूस ठेवणं त्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून ह्या दाव्यात बाकी सगळं एका बाजूला आणि मदतनीसाचा खर्च एका बाजूला. तो मिळाला तर त्यांना घरात राहता येणार होतं. नाही मिळाला तर असा माणूस घरात किती दिवस तगेल, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. मी विचारलं, मुलीला कळवू का? ते म्हणाले, तिला विचारायचं ते मी विचारून बसलोय.

साक्षीच्या आधी मी त्यांची तयारी करून घेतली. शिकवणार काय, कपाळ! जो प्रश्न येणार तो त्यांनीच घडवलेला होता. तरी मी सवयीने विचारलं, "घरी कोण असतं?"

"कोणी नाही," ते म्हणाले. स्वच्छ, एका दमात.

साक्षीच्या दिवशी त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं. पिंजऱ्यात चढता येणार नव्हतं म्हणून खुर्ची बाजूलाच ठेवली. बातमीच तशी असल्याने आमचे झाडून सगळे वकील मागे दाटीवाटीने उभे. माझ्या प्रश्नांना त्यांनी नीट उत्तरं दिली. मी एकटा राहतो, म्हणाले. मग त्यांचा जुना ज्युनियर उठला. आधी त्याने त्यांना वाकून नमस्कार केला. त्याने डॉक्टरांनी दिलेल्या अपंगत्वाच्या टक्केवारीवर चार प्रश्न विचारले आणि मग आवाज मऊ केला. तोच मऊपणा, जसाच्या तसा.

"एकटे राहता, म्हणजे कोणीच येत नाही असं नाही ना?" त्याने विचारलं. "घरी कोण असतं आपल्या?"

मी मनात म्हटलं, बोला, दोनच शब्द आहेत. साहेब मागच्या गर्दीकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. टायपिस्टची बोटं थांबून राहिली होती, तिकडे बघत होते.

"मुलगी येते," ते म्हणाले.

मी टिपण घेता घेता मान वर केली. ज्युनियरलाही हे अपेक्षित नसावं. त्याने कधी येते म्हणून विचारलं. रोज येते, साहेब म्हणाले. काय काय करते, असं त्याने विचारलं आणि साहेब सांगू लागले. कामावरून परस्पर येते. आल्या आल्या खिडकी लावते आणि मला रागावते, वाऱ्यात बसता म्हणून. सदऱ्याची बटणं लावते, वरचं बटण मुद्दाम मोकळं ठेवते, कारण मला गळ्याशी आवळलेलं खपत नाही. माझ्याने वर्तमानपत्र धरवत नाही म्हणून वाचून दाखवते. तेही भराभर वाचते, लहानपणापासून तिला तीच सवय. मी हळू वाच म्हटलं की पान उलटून टाकते.

खोटा साक्षीदार तपशिलात अडकतो, हे साहेबांनीच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. आणि इथे ते एकामागून एक तपशील देत होते, कुठे अडखळणं नाही, कुठे विसंगती नाही. असलं काही ऐनवेळी सुचत नाही. त्या खुर्चीत बसून कितीतरी संध्याकाळी त्यांनी ते सगळं घडवलं असणार. मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचाच राग येत होता.

"धन्यवाद, सर," ज्युनियर म्हणाला आणि खाली बसला. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, फेरतपासणी?

मी उभी राहिले. एकच प्रश्न पुरेसा होता, मुलगी शेवटची कधी आली. शपथेवर असताना साहेबांना दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं असतं असं मला वाटत नाही. दावा वाचला असता. साहेबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि आमच्या इतक्या वर्षांच्या भांडणात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"विचारायचं नाही," मी म्हटलं.

व्हरांड्यात मात्र मी त्यांना सोडलं नाही. त्यांची खुर्ची ढकलत, जिन्यापर्यंत, तोंडाला येईल ते बोलले. सगळा जन्म लोकांचं खोटं पकडण्यात घालवलात आणि शेवटी स्वतःच खोटं बोललात, तेही स्वतःचंच नुकसान करून घ्यायला, असा गाढवपणा मी कुठल्या अडाणी अशिलाचाही बघितला नाही, असं मी सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पोरगा चांगला तयार झालाय. ते त्या ज्युनियरबद्दल.

निकाल लागला तेव्हा मी तो घेऊन त्यांच्या घरी गेले. मदतनीस नुकता गेला होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, पाठीला उशी, समोर उघडी खिडकी. मी खिडकी लावली आणि वाचायला बसले. औषधपाणी मिळालं होतं, हाताचं आणि खुब्याचं मिळालं होतं. मग मदतनीसाच्या खर्चाशी आले. "अर्जदाराची मुलगी रोज त्याच्याकडे येते व त्याची सर्व काळजी घेते, ही बाब सिद्ध झाली आहे. सबब ही मागणी नामंजूर."

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. सबबच्या अलीकडे त्यांनी मला थांबवलं.

मी निकाल खाली ठेवला आणि म्हटलं की अजून वेळ गेलेली नाही. आपण अपिलात जाऊ. शेजाऱ्यांच्या साक्षी काढते, मदतनीसाला उभा करते, खरं काय ते वरच्या कोर्टापुढे ठेवते. हा मुद्दा हमखास फिरेल. मी शब्द देते, म्हटलं, फिरवून दाखवते.

"नको, बाई," ते म्हणाले. "एवढ्या मुश्किलीने सिद्ध झालंय."