पकडली गेली तरी

काकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात परीक्षेच्या खोलीवर पर्यवेक्षक होतो. फोन शेजारच्या बाईंचा. दुपारचं जेवण झालं, खुर्चीत टेकल्या आणि टेकलेल्याच राहिल्या, एवढंच त्या सांगू शकल्या. शैलाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. ‘कधी कोणाला त्रास दिला नाही हो त्यांनी,’ असं नंतर भेटायला आलेले सगळे म्हणत होते. ते साफ खोटं आहे. यवतमाळातल्या निम्म्याअधिक नातेवाइकांना तिने भरपूर त्रास दिला होता, तोंडाला येईल ते सुनावलं होतं, आणि म्हणूनच त्या संध्याकाळी घर माणसांनी भरून गेलं होतं. त्या गर्दीत कपाटावर ठेवलेला तिचा मोबाइल वाजला. मी उचलला. पलीकडून मुलीचा आवाज आला, “काकू, रविवारी मॅच हाय, येता ना?” मी माझं नाव सांगितलं, मग काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, “मंग आता मी खेळू कायले?” आणि फोन ठेवला.

ही वनिता. काकूची आवडती कबड्डीपटू. काकू सरकारी कचेरीत कारकून होती आणि नोकरीच्या अखेरच्या वर्षांत तिची बदली झरी जामणीला झाली. यवतमाळच्या माणसाला झरीची बदली म्हणजे वनवास. काका तोवर वारले होते, मुलगा पुण्याला, म्हणून काकूने तिथेच एक खोली घेतली. कचेरी सुटली की करायचं काय? ती शाळेच्या मैदानावर जाऊन बसायची. तिथे एकदा जंगलकामावर जाणाऱ्या एका मजुराची शाळकरी मुलगी चढाईला गेली, समोरच्या चौघींना हात लावला आणि शेजारी विरजण मागायला गेल्यासारखी आरामात परत आली. काकूला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या संध्याकाळी तिने जागेवरून उठून आरोळी ठोकली, आणि ती आरोळी पुढे कित्येक वर्षं जिल्हाभर घुमत राहिली. वनिता कॉलेजसाठी यवतमाळला आली, जिल्ह्याच्या संघात गेली. काकूही निवृत्त होऊन परतली. मग वणी म्हणू नका, पुसद म्हणू नका, जिथे वनिताचा सामना तिथे काकू एसटीने हजर. बरोबर बुडाखाली घ्यायला उशी आणि थर्मासमध्ये चहा. ते दिवस वनिताचे होते. चौकात तिचे फ्लेक्स लागायचे, सामना संपला की पोरं तिला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारायची आणि त्या गलक्यात काकूचा आवाज कुठल्या कुठे हरवून जायचा.

मग वनिताचा गुडघा गेला. एक अख्खा हंगाम ती घरी बसली. परत आली तेव्हा अंगात तीच जिद्द होती, पायात तो वेग नव्हता. जाईल त्या चढाईत पकडली जाऊ लागली. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे आपण लोक. ज्या पोरांनी तिला खांद्यावर घेतलं होतं तीच “बसवा रे तिले बाहीर” म्हणून ओरडायला लागली. मीही काही वेगळा नाही. आपला संघ हरायला लागला की टीव्ही बंद करून भाजी आणायला जाणाऱ्यांतला मी. मी काकूला सुचवलं, उमरखेडची एक नवीन मुलगी आली आहे, छान खेळते, तिचे सामने बघत जा. काकू मेथी निवडत होती. हातातली काडी माझ्यावर रोखून म्हणाली, “खेळाडू काय मेथीची जुडी हाय, सुकली का दुसरी घेतली? जिंकत होती तवा सारा गाव होता तिच्याजोळ. माह्यी गरज कवा होती तिले? आता हाय.”

आणि याच मायेपोटी तिने एक भलताच घोटाळा करून ठेवला. आमच्याकडे मैदानावर एक रीत आहे. सामना रंगात आला की प्रेक्षकांतलं कोणीतरी माइकच्या टेबलापाशी जातं आणि एखाद्या खेळाडूच्या पुढच्या चढाईवर बक्षीस लावतं. निवेदक देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव गळा ताणून पुकारतो. खेळाडूने गुण आणला तर बक्षीस तिचं, नाही आणला तर काही नाही. वनिताच्या चढाईवर कित्येक महिन्यांत कोणी काही लावलं नव्हतं. काकूला ते सहन होईना. लोहाऱ्याच्या स्पर्धेत ती उठली आणि माझा हात झटकून टेबलापाशी गेली. म्हणाली, वनिताच्या पुढच्या चढाईवर माझ्याकडून एक ट्रॅकसूट. निवेदकाने विचारलं, “पॉइंट आनला तं ना, काकू?” काकू म्हणाली, “नाई. पकडली गेली तरी.” त्याने ते जसंच्या तसं, वर थोडा मसाला घालून माइकवरून पुकारलं. सगळं मैदान खो खो हसलं. कोणीतरी ओरडलं, “आता हरन्याचंबी बक्षीस लागलं रे!” वनिता मध्यरेषेवर उभी होती. ती चढाईला गेली, पाऊल टाकलं न टाकलं तोच पकडली गेली, बाहेर आली, पिशवी उचलली आणि सामना अर्धा सोडून निघून गेली. नंतर कळलं की ती गावी परतली आहे आणि आता खेळणार नाही म्हणते आहे.

काकू त्या दिवशी जेवली नाही. “मी तिले भर मैदानात भिकारी केलं रे सुधीर,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. चार-सहा दिवस फोन लावून पाहिला, तो कोणी उचलेना. मग आम्ही दोघं एसटीने निघालो, झरीच्या पुढे मिळेल त्या ऑटोने गेलो. वनिताच्या आईने चटई टाकली, चहा ठेवला. वनिता कापूस वेचायला गेली होती, ती येईस्तोवर आम्ही बसून राहिलो. ती दारात दिसली तशी काकू उठून उभी राहिली. उभ्या जन्मात काकूने नवऱ्याचीसुद्धा माफी मागितली नव्हती, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. ती म्हणाली, “माह्यं चुकलं, पोरी.” वनिता बोटांना चिकटलेले कापसाचे धागे काढत म्हणाली, “काकू, तुमी मले हरतानी पाहाले येत होत्या, त्याचं कधी वाईट नाई वाटलं. तुमी मले हरलेली समजल्या, त्याचं वाटलं.” काकू रडली, वनिताची आई रडली, मी चहाकडे पाहत बसलो. निघताना वनिता ऑटोपर्यंत आली. “येजा तुमी मॅचले,” ती म्हणाली, “पन तोंडातून शब्द नका काढू.”

काकूने हा शब्द कसा पाळला ते पाहायला हवं होतं. वनिता चढाईला निघाली की ही पदराचा बोळा करून तोंडात धरायची. चेहरा लालबुंद व्हायचा. शेजारी बसलेल्यांना वाटायचं, बाईंची दाढ दुखते आहे. मी तोवर तिचा सोबती झालो होतो, कारण तिला एकटीला बसमध्ये चढवत नव्हतं. संघ सामने हरतच होता. तिने पाहिलेल्या शेवटच्या सामन्यातही वनिता पकडली गेली. परतताना ऑटोत काकू खुशीत होती. “पाह्यलं ना? आज दोघी लटकल्या होत्या तिच्या पायाले, तरी रेषेपासून हातभर राह्यली. मांगच्या टायमाले कुठी होती, सांग बरं?” मला फक्त पंचाची शिट्टी ऐकू आली होती. वनिता पुन्हा जिंकेल हे काकूला ठाम माहीत होतं. ते पाहायचं तेवढं राहून गेलं, आणि याचं मला अजूनही वाईट वाटतं.

काकू गेली त्या आठवड्यात वनिता खेळली नाही. तेरवीला आईला घेऊन आली, पंगतीत वाढायला लागली, मागची भांडी घासली. जाताना मला म्हणाली, “खेळीन मनतो, भाऊ. पन काकू बसत होत्या तिकडं पाह्यलं अन् कोनीच नसलं तं मले जमनार नाई. तुमी येसान?”

गेल्या रविवारी मी गेलो. पहिल्या चढाईत ती पकडली गेली. दुसऱ्या चढाईत एकीने घोटा धरला, दुसरी कमरेवर पडली, धूळ उडाली, आणि मला ते बघवेना म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले. शिट्टी झाली. आरडाओरडा झाला. डोळे उघडले तर पंचाचा हात आमच्या बाजूला होता आणि वनिता मध्यरेषेवर बोटं टेकवून पालथी पडलेली, अंगावर तिच्या संघातल्या पोरी नाचत होत्या. सामना आम्ही शेवटी हरलो, पण थोडक्यात. मग ती धापा टाकत माझ्याकडे आली. कोपर सोलवटलेलं, दातांत माती. “पाह्यलं ना, भाऊ?”

खोटं बोलवेना. म्हटलं, “डोळे मिटले होते गं मी.”

ती आ वासून बघत राहिली. मग इतकी हसली, इतकी हसली की शेवटी डोळे पुसायला लागली. “काकूनं कधी नाई मिटले,” ती म्हणाली. “बुधवारी पांढरकवड्याले मॅच हाय. तवा उघडे ठेवजा.”

बुधवारची रजा मी टाकली आहे.