आबांचा अंगठा आणि टर्बोचा कॅम

माझे वडील अंगठ्याने कॅमशाफ्ट निवडायचे. इंदापूरला हायवेच्या कडेला आमचं इंजिनकामाचं दुकान आहे. बारामतीकडची हौशी पोरं तिथे गाड्या घेऊन यायची, आणि त्यातली निम्मी नुसता आबांचा अंगठा बघायला यायची. आबांनी उमेदीची वर्षं वालचंदनगरला ग्राइंडिंग मशीनवर काढली होती. निवृत्त झाल्यावर एक जुनं मशीन घेऊन त्यांनी हे दुकान टाकलं. मी बारामतीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न होऊन वालचंदनगरच्या क्वार्टरात गेले आणि तिथून रोज स्कूटीवर दुकानात यायला लागले. बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत गिऱ्हाइकांना माझी ओळख एकाच वाक्यात करून दिली गेली. "ही आमची थोरली. पुसायला असती."

हेड उतरवणं, व्हॉल्व्ह बसवणं, मापं घेणं, इंजिन पुन्हा जुळवणं हे सगळं मी करायचे. त्याला आबांच्या भाषेत पुसणं म्हणत.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या डोक्यावर फिरणारा लोखंडी दांडा. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. लोब फिरला की व्हॉल्व्ह उघडतो. एका व्हॉल्व्हमधून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. साध्या इंजिनात दोन्ही थोडा वेळ एकदम उघडे ठेवले की वेगात गाडीला दम येतो. म्हणून शर्यतवाल्यांना मोठा कॅम हवा असतो. शिवाय मोठ्या कॅमची गाडी उभ्या उभ्या गडगडते, आणि पोरं त्या गडगडण्यावरच मरतात. टर्बोचं तसं नाही. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, त्यामुळे धुराच्या वाटेवर दाब तुंबलेला असतो. दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहिले की तोच धूर उलटा आत शिरतो आणि गाडी गुदमरते. टर्बोला आखडता कॅम लागतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम फार वेळ उघडे न ठेवणारा. कुठला आखडता आणि कुठला सैल हे कळायला लोबची उंची काट्यावर दाखवणारा डायल गेज लागतो, अंशांची चकती लागते आणि माझा अर्धा दिवस लागतो. आबा म्हणायचे, अंगठा लागतो.

त्यांचा थाट ठरलेला होता. टेबलावर गोणपाट अंथरायचं, त्यावर मी दोन-तीन शाफ्ट मांडायचे. आदल्या दिवशी मी ते मोजलेले असायचे, पण माझा कागद कोणी मागायचं नाही. आबा डोळे मिटून एकेका लोबवरून अंगठा फिरवायचे, मान हलवायचे आणि एक शाफ्ट उचलायचे. "ह्यो." माझ्या कागदावर तोच असायचा. हे खरं होतं, ते मी नाकारत नाही. निदान सुरुवातीची दहा वर्षं तरी त्यांच्या अंगठ्याला खरंच कळत होतं. अलीकडे ते डोळे उघडे ठेवायला लागले होते. मला वाटलं, म्हातारपणी डोळे मिटले की चक्कर येत असेल. तेव्हापासून मला टेबलाच्या पलीकडे उभं करायचे. "हितं म्होरं उभी ऱ्हा. उजेड अडवू नकु." मला ते शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटायचं.

मग एके दिवशी ते चहा पीत बसले होते आणि ग्लासवर रक्त ओघळताना मला दिसलं. मशीनवरचा लोखंडाचा कीस अंगठ्यात चांगला आतपर्यंत घुसला होता. आबा घोट घेत ऊसतोडीबद्दल बोलत होते. त्यांना पत्ताच नव्हता. साखरेच्या आजाराने अंगठा मेला होता. मी "आबा, रक्त" म्हटलं, तेव्हा त्यांनी खाली बघितलं, अंगठा धोतराला पुसला आणि "लागलं वाटतं कायतरी" म्हणाले. मी पुढे काही विचारलं नाही. ते मनात जपून ठेवलं. मेल्या अंगठ्याने निवड बरोबर कशी येते, याचा विचारही मी केला नाही. म्हातारा थापा मारतो आणि नशीब साथ देतं, असं धरून चालले.

त्यानंतर महिन्याभरात आमच्याकडे बांधलेली एक गाडी शर्यत जिंकली. पोरं वाजतगाजत दुकानात आली. आबांना शाल, नारळ, फेटा. ते इंजिन शेवटच्या स्क्रूपर्यंत मी जुळवलं होतं, माझी नखं अजून काळी होती. एका पोराने विचारलं, "ताईंचा पण फोटो घिऊ का?" आबा हसून म्हणाले, "तिचा कशाला? ती पुसायला असती." सगळे हसले. मीही हसले, आणि त्याच वेळी ठरवलं.

बारामतीकडच्या एका द्राक्षबागायतदाराने टर्बोची गाडी आणली होती. धाकट्या भावाबरोबर आला होता. शेजारचा टायरवालाही मजा बघायला येऊन उभा राहिला. मी गोणपाटावर तीन शाफ्ट मांडले. एक बरोबर, दोन चुकीचे. त्यातला एक तर इतका चुकीचा, की तो बसवला असता तर टर्बो असून नसल्यासारखा झाला असता. आबांनी त्यालाच हात घालावा असं मला वाटत होतं. किती वाटत होतं ते सांगायला लाज वाटते. मी समोर उभी राहिले आणि त्या शाफ्टवरून माझी नजर हलेना.

आबांनी पहिल्यावर अंगठा फिरवला. दुसऱ्यावर फिरवला. तिसऱ्यावर जरा जास्त वेळ फिरवला आणि उचलला. "ह्यो. डोळं झाकून बसवा."

तोच होता.

"आबा," मी म्हटलं, "ह्यो बिनटर्बोचा हाय. ह्यानं गाडी उभ्या उभ्या खोकत बसंल." मी शाफ्ट त्यांच्या हातातून काढून घेतला, ठोकळ्यांवर चढवला, डायल लावला आणि बागायतदाराला काटा दाखवला. मग खिशातला कागद काढून तिन्ही मापं वाचली. टायरवाला खो खो हसला. "आबा, अंगठा बदलून आणा आता," तो म्हणाला.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. टेबलावर स्क्रायबर पडला होता, पत्र्यावर रेघ मारायची टोकदार सळई. मी आबांचा उजवा हात धरला, त्यांना दुसरीकडे बघायला सांगितलं आणि टोक त्यांच्या अंगठ्यावर दाबलं. "दुखतंय का?"

"काय दुखतंय?" आबा म्हणाले. ते रस्त्याकडे बघत होते.

मी आणखी दाबलं. रक्ताचा थेंब आला आणि गोणपाटावर पडला. "बघा," मी सगळ्यांना म्हटलं, "ह्या अंगठ्यावर तुमी इंजिनं सोडताय." कोणी हसलं नाही. बागायतदाराच्या भावाने मान खाली घातली. मला त्या वेळी बरं वाटलं. फार बरं वाटलं, बारा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. बागायतदार जाताना आबांकडे न बघता म्हणाला, "ताई, गाडी तुमीच करा." मला हेच हवं होतं.

सगळे गेल्यावर आबा स्टुलावर बसले. अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं. मला वाटलं, आता शिव्या देतील. ते म्हणाले, "अंगठा दोन वर्सामागंच गेलाय."

"मग उचलत कसं हुता?"

"तुझ्याकडं बघून." अगदी साध्या आवाजात म्हणाले. "तू मोजलेलं असतंस. बरूबर हाय त्याच्याकडं तू बघत ऱ्हातीस. ल्हानपणापास्नं तुझं तसंच हाय, पायजे ते तोंडावर दिसतं. म्हून तर म्होरं उभी करायचो." अंगठ्यावरचं फडकं त्यांनी आवळलं. "आज तू त्याच्याकडंच बघत हुतीस."

मी भांडले. "मग लोकांम्होरं सांगायचं तरी की. पुसायला असती, पुसायला असती!"

"लोकं माझ्या अंगठ्यावर येत्यात. तुझं नाव सांगितलं असतं तर आली असती व्हय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते अजून सलतं. दोन वर्षं त्यांनी माझी विद्या माझ्याच तोंडावरून चोरून स्वतःच्या नावावर खपवली, ते मी माफ केलेलं नाही. पण त्या दोन वर्षांत या माणसाने दुसऱ्या कशावर भरवसा ठेवला नव्हता, हेही मला विसरता येत नाही.

बागायतदाराची गाडी छान निघाली. थोडी गिऱ्हाइकं तुटली, थोडी माझी म्हणून टिकली. आबा अजून दुकानात येतात. कोपऱ्यात बसून फडक्याने शाफ्ट पुसतात. कोणी सांगितलेलं नाही.

परवा एक टर्बोचं काम आलं आणि माझं अडलं. दोन शाफ्ट, मापं जवळजवळ सारखी, आणि माझ्या मनाचा काही निर्णय होईना. मी म्हटलं, "आबा, जरा म्होरं उभं ऱ्हाता का?" ते उठले, टेबलाच्या पलीकडे येऊन उभे राहिले. मी दोन्ही शाफ्ट गोणपाटावर ठेवले आणि नजर कुठे जाते ते बघायला त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी नजर हातातल्या फडक्यावर ठेवली होती. मी बराच वेळ वाट पाहिली. त्यांनी एकाही शाफ्टकडे बघितलं नाही.